ताल चुकवून

आई, काल रविवार होता आणि मी पुन्हा मांजरीला जाऊन आले. तुझी थाळी घेऊन. तुझ्या वेळची मांजरी म्हणजे ऊस आणि उसाच्या बैलगाड्या. आता उसाला खेटून बिल्डिंगा उठल्यात, वर बघायचं तर डोक्यावरचा पदर घसरतो. त्यातल्या एकीत पाचव्या मजल्यावर माझी एक मुलगी राहते. पोटची नव्हे, वर्गातली. पण तुला माझा वर्गच ठाऊक नाही, तेव्हा आधी ते सांगते, मग बाकीचं.

मी आपल्या कसब्यातच मुलींना शिकवते. संध्याकाळी शाळा सुटली की तिथला हॉल आम्हाला मिळतो. मनगट धरलं तर कसं सोडवायचं, मागून केस ओढले तर काय करायचं, पडायचं झालं तर हाड न मोडता कसं पडायचं, असलं सगळं. मला कुणी रीतसर शिकवलेलं नाही. तालमीच्या खिडकीला नाक लावून पोरांचे डाव पाहिले, पुढे एका शिबिरात मागच्या रांगेत उभी राहून बाकीचं उचललं, आणि उरलेलं पडून पडून शिकले. आता गुडघे बोलतात, पण पोरी अजून मला पाडू शकत नाहीत. "बाई, तुम्ही चीटिंग करता," म्हणतात. मी म्हणते, "अगं, रस्त्यात तुला धरणारा काय नियम वाचून येणारे?"

पहिल्या दिवशी मी त्यांना ओरडायला लावते. ओरडा म्हटलं की आधी सगळ्या खिदळतात. चहावाल्याला हाक मारताना घसा चांगला उघडतो, आणि "सोड मला" म्हणताना मांजराचं पिल्लू होतो. ते झालं की मी पिशवीतून तुझी थाळी काढते आणि आपल्या आळीची गोष्ट सांगते.

आपली आळी आता तू ओळखणार नाहीस. तांब्याचं काम करणारी घरं थोडी राहिलीत, बाकी दुकानं आणि पार्किंग. पण मला अजून ती सकाळी उठल्यापासून ठणठणतच ऐकू येते. घरोघरी हंडे, घंगाळी, बंब हातोडीनं ठोकून मठारले जायचे, आणि प्रत्येक घराचा ठोका निराळा. डोळे मिटून मी सांगू शकायचे, हे पलीकडचे काका, हे आपले बाबा. त्या आवाजात माणसाच्या हाकेला किंमत नव्हती. म्हणून बायका हातानंच बोलायच्या. बोट गोल फिरवलं की नळाला पाणी आलं. मूठ तोंडाकडे नेली की जेवायला चला. आणि तळहात हवेत दोनदा उलटासुलटा केला की, नंतर, आत्ता नको. मुलींना हे फार आवडतं. परीक्षेच्या वर्गातसुद्धा एकमेकींना 'नंतर' करतात, असं कानावर आलंय.

आणि थाळी. एखाद्या घरात नवऱ्याचा हात बायकोवर उठला तर तिचं रडणं ऐकू कसं जाणार? म्हणून ज्या शेजारणीला चाहूल लागेल तिनं दारात येऊन थाळी बडवायची. आळीतले सगळे ठोके तालात, म्हणून ही थाळी ताल चुकवून वाजवायची. तालातला आवाज आपल्या कानांच्या सवयीचा होता, चुकलेला ठोका मात्र खड्यासारखा लागायचा. एका थाळीच्या दोन, दोनाच्या चार व्हायच्या, हातोडे थांबायचे, आणि तो माणूस दारात येऊन उगाच विडी पेटवायचा. कुणी त्याला शब्दानं बोलायचं नाही. तो पुरता शरमेपर्यंत नुसतं वाजवायचं. सगळ्यांत पुढे तू असायचीस. पदराला हात पुसत निघायचीस, आणि तुझ्या मागे बाकीच्या.

मी पहिल्यांदा थाळी हातात घेतली तेव्हा चांगला ठेका धरला होता. तू फटकन माझ्या हातावर मारलंस. "हंडा मठारतेस का? चुकव! तालात वाजवलंस तर लोकांना वाटेल काम चाललंय." मी कारागिराची पोर, हात सरळ तालावरच जायचा. तू मला चुकायला शिकवलंस. दुपारभर बसून, चिंचेनं घासलेल्या त्या थाळीवर.

स्वयंपाकघरातला तो दिवस मी वर्गात कधी सांगत नाही. तेरा-चौदाची असेन मी. तालमीतलं काहीतरी पाहून आले होते आणि तुझ्या मागे लागले होते, "आई, माझं मनगट धर ना." तू चुलीसमोरून न उठता धरलंस. तांबं घासून घासून तुझा हात काय झाला होता, बाई! मला सुटताच येईना. तू हसलीस. "ओढतेस काय नुसती? अंगठ्याकडून वळव. अंगठा एकटा असतो, बाकीची बोटं चार." ते मी आजही तस्संच शिकवते. मग मी म्हटलं, "आता मी मारते, तू अडव," आणि हात वर उगारला. पोरखेळ होता. पण तू अडवलं नाहीस. दोन्ही हातांनी डोकं झाकून तू मागे सरकलीस, भिंतीला पाठ लावून, इतक्या सराईतपणे की माझा हात वरच राहिला. क्षणभरच. मग पुढे सरकून परातीतलं पीठ मळायला घेतलंस आणि म्हणालीस, "जा, पाणी भर. पोळ्या व्हायच्यात अजून." मी पाणी भरलं. भरताना कळशी दगडावर आपटली आणि पोचा आला, बाबा त्यावरून ओरडले, आणि पहिल्यांदा मला त्यांच्या आवाजाची नाही, हातांची भीती वाटली.

त्यानंतर मी बघायला लागले. बाबांचा हात उठायचा तो भर दुपारी, आळी जोरात चालू असताना. एकदा मी शाळेतून लवकर आले तर तू आतल्या खोलीत भिंतीशी, आणि ते तुझ्यासमोर, माझ्याकडे पाठ करून. मी फळीवरची थाळी घेतली, उलथनं घेतलं, उंबऱ्यात उभी राहिले. तुझ्या धाकाखाली शिकले होते ना, हात कसा चुकवायचा ते माझ्या बोटांत होतं. तेवढ्यात त्यांच्या खांद्यावरून तू मला पाहिलंस. आणि हात वर करून तळवा उलटासुलटा केलास. दोनदा. नंतर.

मी थाळी फळीवर ठेवली. तुझं ऐकायची सवय होती मला. वाटलं, नंतर म्हणजे रात्री सांगशील, फार तर सणवार झाल्यावर. तू कधी विषयच काढला नाहीस. पुढच्या थंडीत तुला ताप आला, तो उतरलाच नाही. शेवटी शेवटी तुला बोलता येत नव्हतं, पण हात हलत होते. मी तुझ्या हातांकडे बघत बसायचे. तू फक्त पाणी मागितलंस.

का गं आई? सगळ्या आळीच्या बायका तुझ्या जिवावर दारात उभ्या राहायच्या. मग आपल्याच दारात थाळी का वाजू दिली नाहीस? कधी वाटतं, त्यांना धीर देणारी तू, तुझंच असं आहे हे कळलं तर त्या कुणाकडे बघणार, असा विचार केला असशील. कधी वाटतं, माझ्यासमोर नको होतं तुला. कधी काहीच वाटत नाही, नुसता राग येतो. इतकी वर्षं झाली, मी तुझ्यापेक्षा म्हातारी झाले, तरी येतो.

आता त्या मुलीचं. वर्गातली सगळ्यांत चपळ पोर. स्वतःच्या दुप्पट वजनाच्या माणसाला ती कंबरेवरून पाडायची आणि वर "सॉरी हं काका" म्हणायची. लग्न झालं, मांजरीला गेली. दिवाळीत वर्गात भेटायला आली तर उकाडा मरणाचा आणि अंगात पूर्ण बाह्यांचा ड्रेस. पोरी म्हणाल्या, "ताई, एक डाव दाखव ना." तिनं टाळलं. सगळ्या गेल्यावर मी तिचं मनगट धरलं, नेहमीसारखं, गमतीत. तिनं सोडवलं नाही. तसंच राहू दिलं.

"बाई," ती म्हणाली, "रस्त्यात कुणी आलं असतं ना, तर आडवाच केला असता त्याला. आई शप्पथ. पण हा घरचा आहे हो. मारून झालं की स्वतः चहा करून आणतो. आलं घालून. मग हात कसा उचलायचा?"

आई, केस ओढले तर काय, गळा धरला तर काय, अंधारात काय, बसमध्ये काय, सगळ्याचं उत्तर आहे माझ्याकडे. आलं घातलेल्या चहाचं नव्हतं. इतकी वर्षं मी पोरींना रस्त्यासाठी तयार करत होते, आणि सुरुवात तर तुझ्या स्वयंपाकघरात झाली होती.

मी म्हटलं, "जाऊ नकोस परत. माझ्याकडे राहा." तर म्हणाली, "बघते बाई." दुसऱ्या दिवशी तिच्या आईला भेटले, तर ती म्हणाली, "तुमच्या कुस्त्यांनीच डोकं फिरलंय तिचं. चांगलं नांदतंय ते घर." मांजरीला परत निघण्याआधी ती मुलगी भेटायला आली, तेव्हा मी तिला थाळी देऊ केली. ती हसली. "बाई, आमच्याकडे सगळ्यांची दारं बंद असतात. वाजवली तर सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार येईल." आणि गेली.

पुढच्याच रविवारी मी बस पकडली. गेटवर सिक्युरिटीवाल्यानं विचारलं, "आजी, कुणाकडे?" मी सांगितलं. त्यानं वर फोन लावला, मग म्हणाला, "ते म्हणतात, आत्ता जमणार नाही." मी म्हटलं, "बरं," आणि फाटकाबाहेर, बिल्डिंगीसमोर उभी राहून थाळी काढली. बाल्कन्यांत माणसं आली. कुणी मोबाईल धरला. कुणीतरी वरून ओरडलं, "काय हो आजी, परत लॉकडाऊन लागलाय का?" सगळे हसले. नवरा खाली आला. हाफ पँट, गोड चेहरा, कुणालाही जावई म्हणून आवडेल असा. "मॅडम, वर या ना, चहा घेऊ." मी वाजवत राहिले. तो हसत राहिला, मग हसायचा थांबला, मग आजूबाजूला बघून आत गेला.

तेवढ्यात पाचव्या मजल्याची खिडकी सरकली. ती उभी होती. तिनं हात वर केला आणि तळवा हवेत उलटासुलटा केला. मीच शिकवलं होतं तिला, पहिल्या दिवशी, हसत हसत. नंतर, बाई.

मी थांबले नाही.

तेव्हापासून दर रविवारी जाते. ती अजून खाली आलेली नाही. सिक्युरिटीवाला आता खुर्ची देतो. काल तिसऱ्या मजल्यावरची एक बाई बाल्कनीत आली, मला वाटलं आता ही बोलणार काहीतरी. ती आत गेली आणि स्टीलचं ताट घेऊन आली. नीट वाजवता येत नव्हतं तिला, पण ते बरंच होतं. पाचव्या मजल्याची खिडकी बंदच राहिली. पडदा हलला असं मला वाटलं, पण माझ्या डोळ्यांचा आता काय भरवसा.

हे पत्र थाळी गुंडाळायच्या फडक्यातच घडी करून ठेवते. त्याच्या पुढे ते कुठे जायचं नाही. तुला म्हणून एक सांगते, आई, तिथे कुणाला सांगत नाही. वाजवून वाजवून हात भरून आला की तो आपोआप तालावर पडायला लागतो. बाबांचाच ठोका असतो तो, मी ओळखते. आणि थोडा वेळ, खरं सांगते, त्या ठोक्यात मला बरं वाटतं, घरी असल्यासारखं. मग तुझी चापट आठवते, आणि मी चुकवते.