पालीच्या फोनवरची सोळा अक्षरं

मंगळवार, संध्याकाळ

हे जाऊन दोन महिने झाले. भोरच्या दूध संकलनात त्यांच्या खुर्चीवर आता मी.

पालीच्या केंद्रावर दुधाच्या नोंदी करणाऱ्या वैशालीला आज नवा संगणक आला. उघड्या नेटवर वाटेत कुणी तिचं सोंग घेऊन खोट्या नोंदी घुसवू नये, म्हणून दोन्हीकडच्या पडद्यांवरची सोळा अक्षरं फोनवर वाचून जुळवायची. चार वर्षं, दर नव्या जोडणीला, तिनं अशी अक्षरं ह्यांच्या आवाजात ऐकली. माझ्याशी इतकं सावकाश कधी बोलले?

मी मुद्दाम एक अक्षर चुकवलं.

"वैनी, नववं जुळत न्हाई." ती हसली, मग रडायलाच लागली. "दादा बी एक मुद्दाम चुकवायचे. मी नीट ऐकते का बघायला!"

सोळाही अक्षरं पुन्हा वाचली, सावकाश. जुळली.

तिला हे माहीत होतं. मला नव्हतं.