वीतभर उंच टेबल

आई, तुझा अंबाडा रोज मला का घालावा लागायचा, हे तेव्हा कळलं नव्हतं. वाटायचं, लाडात आलीस. संध्याकाळी गुलाबाच्या पॉलिहाऊसमधून तू वडिवळ्याला परत यायचीस, दारातच बसायचीस आणि फणी माझ्या हातात द्यायचीस. मी वैतागून केस ओढायचे, अंबाडा दर वेळी तिरकाच. पुढे लोणावळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, दिवसभर हात वर धरून खांदा कामातून गेलाय. फुलं निवडायचं टेबल तुझ्या छातीपर्यंत यायचं. तू म्हणालीस, "टेबल समद्यांना सारकंच हाय. मीच बुटकी, त्याला कोन काय करनार?" डॉक्टर हसले. मीही हसले, त्याची आता लाज वाटते.

आज त्याच पॉलिहाऊसच्या पॅकिंग शेडवर मी सुपरवायझर आहे आणि टेबल तेच आहे. एक मावशी रिकामा क्रेट उपडा घालून त्यावर उभ्या राहायच्या. त्यांच्या जुड्या सगळ्यांच्या आधी बांधून व्हायच्या. मग तपासणीला माणसं आली, म्हणाली, यावरून कुणी पडलं तर? क्रेट बंद. मी साहेबांना म्हटलं, टेबलाचे पाय वीतभर कापू या, वेल्डरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. ते म्हणाले, "एकीसाठी टेबल कापायचं का, मॅडम?" क्रेट मीच उचलला. मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या ताई, करीन मी तशीच." महिना-दोन महिन्यांत त्यांचा हात मंदावला. एका सकाळी त्या आल्या तर अंबाडा तिरका, लेकीनं घातलेला. कळतं पण वळत नाही म्हणतात, तसलं माझं. टेबलाचा विषय मी पुन्हा काढला नाही.

गेल्या शनिवारी त्यांना कामावरून कमी केलं. कागद मीच भरला. कारणाच्या रकान्यात टेबल लिहायला हवं होतं. मी लिहिलं, 'कामाचा वेग कमी'. काय लिहिलंय हे न विचारता मावशींनी सही केली. त्यांच्या जागी आणखी कुणी येईल, उंच असली तर टिकेल. टेबल काही खाली येत नाही आणि माझ्यानं ते होणारही नाही.

तुला वाचता येत नव्हतं. घरात कागद आला की मीच वाचून दाखवायचे आणि वाईट मजकूर हळूच गाळायचे. तू असतीस तर हाही वाचून दाखवला असता, रकान्यातली ती ओळ सोडून.