कापूरहोळच्या दुकानात हैबतीचे काही नाही

मी, अंबूबाई भ्रतार कै. सोनबा खुटवड, वय अदमासे साठ, धंदा चहा व खानावळ, मूळ राहणार भोंगवली, हल्ली वस्ती कापूरहोळच्या फाट्यावर, आज माझ्यामागे काय कोणाचे ते सांगून ठेवते. माझे गुडघे गेले आहेत, डाव्या डोळ्याला कमी दिसते. डोके शाबूत आहे. मला कोणी दम दिलेला नाही, आणि गोड बोलून फसवलेले तर मुळीच नाही, कारण माझ्याशी गोड बोलणारा माणूस या फाट्यावर अजून मोटारीतून उतरायचा आहे. लिहिणारे भोंगवलीच्या शाळेतले सावळाराम मास्तर. ते मधूनमधून माझे बोलणे सोज्वळ करायला बघतात. ते मी परत वाचून घेऊन जिथल्या तिथे दुरुस्त करविले आहे.

कलम १. मिळकत. चहाचे दुकान, दोन खण, कौलारू, मागे पडवी व मोरी. पूर्वेस पुण्याची सडक, दक्षिणेस भोरकडे जाणारा रस्ता, पश्चिमेस बांध, उत्तरेस भिमाचे मोटार दुरुस्तीचे पत्रे. हा भिमा दर उन्हाळ्यात आपला पत्रा वीतभर माझ्या बाजूला सरकवतो आणि पावसाळ्यात त्याचे पाणी माझ्या भिंतीत मुरवतो. विचारले की म्हणतो, "वाऱ्यानं सरकला, मावशी." भोरचा वारा फक्त माझ्याच बाजूला वाहतो काय रे मेल्या? हद्दीचे दोन दगड चुलीच्या राखेखाली झाकून ठेवले आहेत. ते उघडे होते तेव्हा भिमा तेही सरकवत असे. ज्याच्या हाती हे दुकान जाईल त्याने पहिल्या आठवड्यात राख काढून दगड मास्तरांना दाखवावेत आणि पत्रा मागे घ्यायला लावावा.

कलम २. ही मिळकत माझी स्वतःची कशी, ते सांगते. मला मूलबाळ नाही. माझे यजमान सोनबा अठरा वर्षांपूर्वी तापाने गेले. माणूस भला होता. त्यांचा धाकटा भाऊ हैबती. मास्तर इथे 'हैबतराव' लिहायला निघाले होते, मी खोडायला लावले. सोनबांचे तेरावे झाले आणि चौदाव्या दिवशी सकाळीच हैबतीने भोंगवलीच्या घरात दगडमाती आणून सैपाकघराच्या मधोमध भिंत घातली. चूल त्याच्याकडे, गोठा माझ्याकडे. चार पंच बोलावून त्यांच्या तोंडावर म्हणाला, "वैनी, आजपासनं तुमचं तुमी शिजवा, आमचं आमी. तुमचा आमचा काय बी संबंद न्हाई." मी शेणाच्या वासात तीन दगड मांडले आणि भाकरी थापली. अशी तीन वर्षे काढली. त्या तीन वर्षांत त्याच्या घरातून वाटीभर ताक माझ्याकडे आले नाही.

मग विंझरच्या माझ्या बापाने लग्नात घातलेल्या दोन पाटल्या मी पुण्यात नेऊन मोडल्या आणि ही जागा घेतली. खरेदीखत माझ्या एकटीच्या नावाचे आहे, नोंदवलेले आहे, आणि लोखंडी ट्रंकेत माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवले आहे. या जागेत खुटवडांच्या घरातला एक खिळा नाही. कौले मी डोक्यावरून वाहिली. भोंगवलीतल्या बायका तेव्हा मला रस्त्यावरची म्हणत होत्या. त्यांचे नवरे पुढे माझ्याकडे चहा प्यायला येऊ लागले, तेव्हा त्यांची तोंडे बंद झाली.

कलम ३. आता माझी चूक. ती माझ्याच तोंडाने सांगते, नाहीतर हैबती सांगेल आणि मीठमसाला लावून सांगेल. दुकान दसऱ्याला उघडायचे ठरले. नारळ फोडायची वेळ आली. फाट्यावरचे लोक म्हणाले, विधवेने शुभकार्याचा नारळ फोडू नये, घरचा कर्ता पुरुष बोलवा. मी तेव्हा भेदरलेली होते. पहिल्याच दिवशी अपशकुन नको, गिऱ्हाईक तुटायला नको, एवढेच डोक्यात. मी होऊन हैबतीला निरोप धाडला. तो नवा पटका बांधून आला, मिशीला पीळ देत उंबऱ्यावर नारळ फोडला, मोठी कवड आपल्या पोरांना घेऊन गेला.

त्या दिवसापासून आजपर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे, तो भोरच्या बाजारात सांगत फिरतो, "दुकानाचा नारळ म्या फोडला. साऱ्या कापूरहोळानं बगितलाय. दुकान एकत्र कुटुंबाचं हाय, वैनी नुसती बसलीया तितं." कागद माझा, पाटल्या माझ्या, धूर माझ्या डोळ्यांत गेला, आणि मालक नारळवाला! लोकांनाही ते पटते, कारण लोकांना नारळ दिसला, पाटल्या कोणी बघितल्या नाहीत. ज्या विधवा बायका पुढे धंदा काढतील त्यांना माझे सांगणे आहे की नारळ स्वतः फोडावा, नाहीतर फोडूच नये. अपशकुनाने माझे एवढे नुकसान झाले नसते.

कलम ४. दोन वर्षांपूर्वी, दुकानावर दावा लावतो अशी हैबतीची पहिली धमकी आली, तेव्हा मी भोरच्या एका वकिलांकडे गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "बाई, ती सैपाकघरातली भिंत अजून उभी आहे का?"

"उभी हाय," मी म्हटले.

"कोणाला हात लावू देऊ नका. पंचांसमोर चूल वेगळी केली, त्या दिवशी कुटुंब वेगळे झाले असे आपल्याला म्हणता येईल. जागा त्यानंतरची. मग ती एकत्र कुटुंबाची कशी? नुसत्या भिंतीवर सगळे भागत नाही, पण खरेदीखत आणि भिंत मिळून पुष्कळ होते."

मी वकिलांच्या ओसरीवर पदर तोंडाला लावून हसले. ज्या भिंतीपायी मी तीन वर्षे डोळे गाळले तीच माझ्या बाजूने उभी राहिली. गेल्या उन्हाळ्यात मी माणूस लावून ती दोन्ही अंगांनी लिंपून घेतली. हैबतीला वाटले, वैनी नमली. त्याने माणसाला गूळपाणी दिले म्हणे.

कलम ५. दुकान, त्याखालची जागा, चुली, भांडी, बाके, किटल्या व कपबशा हे सगळे माझ्यामागे बनाबाई मरगळे, मूळ राहणार विंझरच्या वरचा धनगरवाडा, हिला द्यावे. ती पुरी मालकीण. विकावे, ठेवावे, जाळावे, तिची मर्जी.

हे बक्षीस नाही आणि दानधर्म तर नाहीच. बनाबाई तेरा वर्षांपूर्वी तूप विकायला खाली उतरली, नवरा मेलेला, सासरच्यांनी मेंढरे काढून घेतलेली. मी तिला भाकऱ्या थापायला ठेवले. स्वभावाने हट्टी आहे. दहादा सांगूनही आमटीत मीठ जास्त घालते आणि गिऱ्हाइकाशी हसून बोलायचे म्हणजे तिच्या जिवावर येते. पण सात वर्षांपूर्वी मोठ्या चुलीचा एक दगड हलत होता. ती मला रोज म्हणायची, "आत्याबाई, दगुड बसवून घ्या." मी रोज म्हणायचे, उद्या. एके दिवशी भोरच्या दोन मोटारी एकदम आल्या, गर्दी झाली, दगड घसरला आणि उकळत्या पाण्याचा हंडा तिच्या उजव्या हातावर पडला. तीन बोटे कायमची चिकटली. आणि मी काय केले? गिऱ्हाइकांसमोर तिलाच ओरडले, "डोळे फुटले का गं तुझे?" ती नंतर डाव्या हाताने भाकरी थापायला शिकली.

मालक हलगर्जी आणि हात जातो नोकराचा. वकील म्हणाले, गिरणीत असे झाले तर आता नोकराला भरपाई मागता येते, तुमच्यासारख्या दुकानाला कोणी विचारत नाही. कोणी विचारत नाही म्हणून मीच विचारते आहे. या सात वर्षांत तिला मी एकदाही 'चुकले' म्हटलेले नाही. आता म्हणते. चुकले गं बने.

तिला या कागदातले काही माहीत नाही. माहीत झाले तर नको म्हणून डोके खाईल. हैबतीने तिला दोनदा ऐकवले आहे, "म्हातारी गेली की तुजं गटुळं सडकंवर." हा कागद टिकला नाही तर तो तेच करील. तिला ना सासर, ना माहेर, आणि एका हाताच्या बाईला दुसरे कोण कामाला ठेवणार?

कलम ६. भोंगवलीच्या घरात माझा जो काही हक्क असेल तो हैबतीने घ्यावा. गोठा घ्यावा. माझे तीन दगड घ्यावेत. ती भिंत मी त्याला खास नाव घेऊन देते आहे. माझ्या जिवंतपणी त्याने मला दुसरे काही दिले नाही, म्हणून माझ्याकडूनही त्याला तेवढेच.

कलम ७. मला अग्नी मानसिंग ड्रायव्हरने द्यावा. तो भोरची मोटार चालवतो, रोज दोनदा चहा पितो आणि मला मावशी म्हणतो. अग्नी हैबतीने दिला तर राख निवायच्या आत तो कचेरीत वारस म्हणून उभा राहील. तेराव्याला बुंदी करू नये. माझ्या जिवावर हैबतीच्या पोरांनी बुंदी खाल्लेली मला चालणार नाही.

कलम ८. आता शेवटचे. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी हैबती दोरी घेऊन दुकान मोजायला आला. मी जिवंत, चुलीपुढे बसलेली, आणि हा माझ्या डोक्यावरून दोरी टाकतो. मी पेटते लाकूड उचलले आणि त्याला सडकेपर्यंत पळवला. पटका सुटून धुळीत पडला, सगळा फाटा हसला. त्यानंतर त्याने उठवले की वैनीच्या डोक्यावर परिणाम झाला, बाधा झाली. वेल्ह्याकडचा एक भगतसुद्धा घेऊन आला. भगत शहाणा होता. त्याने माझ्याकडे पाहिले, लिंबे परत पिशवीत घातली, पिठले-भाकरी खाल्ली आणि हैबतीला म्हणाला, "बाईला काय बी झालेलं न्हाई, तुमीच जपा." तरी हैबती सांगायचे थांबला नाही. दुकान एकत्र कुटुंबाचे ठरले नाही, तर मी कसलाही कागद केला तरी तो वेडीचा म्हणून फाडायचा, असा त्याचा बेत आहे, आणि तो त्याने आपल्या तोंडाने मानसिंगला सांगितला आहे.

मी परत वकिलांकडे गेले. ते म्हणाले, "वेडेपणाचा आळ पुष्कळांचे कागद बुडवतो. दोन साक्षीदार लागतात. त्यांना आतला मजकूर ठाऊक असायलाच हवा असे नाही, तुम्ही त्यांच्या डोळ्यांसमोर शुद्धीवर अंगठा दिलात एवढे त्यांनी पाहिले की पुरे. मात्र असा साक्षीदार घ्या, की उद्या समोरच्याला त्याला खोटे म्हणता येणार नाही."

त्यावर मी आठ दिवस विचार केला. एक साक्षीदार मानसिंग. दुसऱ्याला आज सकाळी निरोप धाडला आहे, की वैनी दुकानाचा कागद करते आहे, घरचा माणूस साक्षीला पाहिजे, लगेच निघून या. मास्तरांना हे पसंत नाही. ते म्हणाले, मी मजकूर वाचून दाखवू का असे विचारल्याशिवाय राहणार नाही. मी म्हटले, जरूर विचारा.

या मृत्युपत्राप्रमाणे सर्व करून देण्याचे काम सावळाराम मास्तरांवर सोपवले आहे. यापूर्वी मी दुसरा कागद केलेला नाही.

लिहिणाराची नोंद. दुपारी मोटार येण्याच्या सुमारास दुसरे साक्षीदार नवा पटका बांधून आले. मी त्यांस विचारले, "मजकूर वाचून दाखवू काय?"

ते म्हणाले, "कशाला? घरचा कागद हाय. वैनी इचार करूनच लिवणार."

मी पुन्हा एकदा सुचविले. ते म्हणाले, "मास्तर, माजा वैनीवर इस्वास हाय. तुमचा न्हाई का?"

तेव्हा बाई म्हणाल्या, "भावजी, म्या शुद्धीवर हाय का न्हाई, तेवडं मास्तरास्नी तुमच्या तोंडानं सांगा."

"आवं म्हंजे काय! तुमच्यावानी शानी बाई पंचक्रोशीत घावायची न्हाई. लिवा मास्तर, लिवा तसं."

"शिमग्यापासनं तर येडी म्हनत हुता."

"ती आपली दीर-भावजयीची थट्टा, वैनी. तुमी काय मनावर घ्येता!"

"थट्टा हुती, हे बी लिवा मास्तर," बाई म्हणाल्या. साक्षीदारांनी मान डोलावली, म्हणून लिहिले. दोघा साक्षीदारांदेखत बाईंनी अंगठा दिला, त्यानंतर दोघांनी साक्ष घातली. साक्षीदार क्रमांक दोन यांनी मग बनाबाईकडे चहा मागितला व तिला गाठोडे बांधून ठेवण्यास सांगितले. तिने चहा दिला.

ठिकाण कापूरहोळ. मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८६३, इसवी सन १९४१.

करून देणार: अंबूबाई भ्रतार कै. सोनबा खुटवड, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

लिहिणार: सावळाराम मास्तर, मराठी शाळा, भोंगवली. सही.

बाईंनी आम्हां दोघांसमक्ष, पूर्ण शुद्धीवर व आपखुशीने, वरील कागदावर अंगठा दिला. त्यांस वेड वा बाधा नाही व पूर्वीही नव्हती. सबब साक्ष.

साक्षीदार १: मानसिंग, मोटार ड्रायव्हर, भोर. सही.

साक्षीदार २: हैबती खुटवड, राहणार भोंगवली, बाईंचा सख्खा दीर, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. वरील साक्षीचा मजकूर त्यांस वाचून दाखविला व मान्य झाला. पहिला ठसा पुसट उमटला म्हणून त्यांनी शाई स्वतः मागून घेऊन दुसऱ्यांदा दाबून दिला.