तणसावरची पिल्लं

४ ऑगस्ट १९८४
पोहोचले एकदाची. अहेरीच्या बसने नाल्यापर्यंत, पुढे नावाडी दसरूभाऊंच्या डोंग्यातून पलीकडे, मग चिखलातून पायी. ट्रंक त्यांनीच डोक्यावर घेतली. मी शिकवणार ती शाळा म्हणजे एक मोठी खोली आणि तिला लागून माझी लहान खोली. कौलं गळत नाहीत, दाराला चांगली कडी आहे. नागभीडला आमच्या घरात माझ्याआधी कुणी बी.ए. झालं नव्हतं. निघताना स्टेशनवर बाबांनी ही वही दिली आणि रुळाकडे बघत राहिले.

दसरूभाऊंची बायको बायनाबाई शाळा झाडते. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाली, "इतकीशीच आहेस बाई तू. पोट्टे भितीन काय तुले?" मला हसू आलं. या गावात माझं जमणार.

७ ऑगस्ट
शाळेच्या मागच्या पडवीत धानाच्या वाळल्या तणसावर, पेंढ्यावर, एक काळी कुत्री व्याली होती. आज तिला साप चावला. दसरूभाऊंनी तिला मोहाच्या झाडाखाली पुरलं. तीन पिल्लं राहिली, डोळे अजून मिटलेले. जगणार नाहीत, असं सगळे म्हणाले. मी ती खोलीत आणली.

इथे आई मेली की तिच्या अंगाखालचं तणस त्याच दिवशी जाळतात, मग पिल्लं कोणीही पोसावीत. काऊन, म्हणून मी विचारलं. बायनाबाई म्हणाली, "तिले समजाले पायजे ना, इथी आता तिचं काई नाई राह्यलं." पण पावसाने तणस ओलं, काही केल्या पेटेना. शिवाय त्यावर ठेवलं की पिल्लं रडायची थांबतात. तेच टोपलीत घातलं.

१० ऑगस्ट
शेळीचं दूध कोमट करून, कापसाची वात त्यात भिजवून चोखायला देते. पाजल्यावर पोटाखाली ओल्या फडक्याने पुसावं लागतं, तेव्हाच ती मुततात. आई चाटते त्याच्याऐवजी हे. टोपलीत गार पडतात म्हणून तणसासकट माझ्याच गोधडीत घेते. आज शाळेतल्या मंगलीने मांजरीचं एक पोरकं पिल्लू आणून दिलं. तेही त्यांच्यात टाकलं. "लगन नाई अन् चार लेकरं," बायनाबाई म्हणाली आणि गावभर सांगत सुटली. माझ्या अंगाला आता त्यांचाच वास येतो. साबणानेही जात नाही.

१३ ऑगस्ट
नाल्याला पूर. डोंगा बंद, बस तर नाहीच.
सकाळी पिल्लांनी वातीला तोंड लावलं नाही. पोटं मात्र टम्म, अंग ओलसर आणि स्वच्छ. बायनाबाईने पाजलं असेल म्हणून विचारलं. तिने नाही म्हटलं. आणि दाराला तर आतून कडी होती.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन पावसातच झालं. परत आले तर मांजराचं पिल्लूही पोट भरून झोपलेलं. केस चाटून उलटे फिरवलेले. ते तर तिचं नाही. तिने वासावरून आपलं धरलं असेल.
'तिने' असं मी का लिहिलं?

१६ ऑगस्ट
चुलीत घालून तणस जाळलं. मग बायनाबाईने माझा हात नाकाशी धरला आणि सोडून दिला. "वास आता तुह्याच अंगाले येऊन राह्यला बाई," एवढंच म्हणाली. आज तिने थट्टा केली नाही.

१८ ऑगस्ट
उठले तर भूक नाही. तोंडात दुधाची चव. शेळीच्या दुधाची नव्हे. केस ओले, कपाळावरून मागे चापून बसलेले.
दिवसभर काही खावंसं वाटलं नाही.

१९ ऑगस्ट
पाणी उतरलं. पिल्लं बायनाबाईकडे सोपवून घरी जायचं ठरवलं. दसरूभाऊ डोंग्यापाशी थांबले होते. मोहापर्यंत गेले, तोच मागून मानेला काहीतरी—
डोळे उघडले ते गोधडीवर. चपला वाटेतच चिखलात. दसरूभाऊ म्हणतात, बाई आल्याच नाहीत. मानेला दोन्ही बाजूंनी दाबाच्या खुणा. रक्त नाही. जपून उचललं आहे. पिल्लू उचलावं तसं.

२० ऑगस्ट
पुन्हा निघाले, बायनाबाईचा हात घट्ट धरून. ती रडत सांगते की तिने हात सोडला नव्हता. माझी बांगडी तिच्या मुठीत राहिली.
मी गोधडीवर.
बायनाबाई आता आत येत नाही. खिडकीतून बोलते.

२१ ऑगस्ट
पिल्लांनी डोळे उघडले. दुपारी पाहिलं तर एक कमी. बायनाबाई म्हणाली, कुत्री जागा बदलते, डोळे उघडले की एकेकाला उचलून नेते. कुठे नेते, विचारलं. ती मोहाकडे बघायला लागली.
खिडकीतून दिसतं. माती मोकळी झाली आहे. भोक पिल्लापुरतं आहे.

२२ ऑगस्ट
दुसरं गेलं. मग तिसरं. रडली नाहीत. जायला राजी होती.
मांजराचं पिल्लू पदरात घालून छातीशी बांधलं. गाठ तशीच आहे. पदर सपाट.
दसरूभाऊंनी बाहेरून दार ढकललं, मी आतून ओढलं. कडी काढलेली, तरी हलेना.

२३ ऑगस्ट
गोधडी जाळली. लुगडी जाळली. राखेने अंग घासलं, सोलवटून निघालं. वास तसाच.
पोट भरलेलं आहे.
बायनाबाई खिडकीशी ओरडते आहे, भोक मोठं झालं म्हणून. किती मोठं, ते सांगत नाही. बाबांना सांगा म्हटलं, मी येत होते, दोनदा निघाले होते—

टोपली रिकामी. न्यायचं राहिलेलं आता एकच—

मान ओली झाली. घाई नाही तिला. आधी चाटते आहे. दात लागू देत नाही, किती हळू धर—