मेतोदीचे ओंडके

ब्रेस्तोवो, १९ फेब्रुवारी १९८७

चि. कालिनास, आजीचे अ. उ. आ.

तुझ्या बापाने अंगणात नुसती घाण मांडलीय. गाडीचा क्लच घसरतो, चढावर गाडी रडते, म्हणून क्लच हा घरीच बदलणार. गॅरेजवाले चोर म्हणे! बदल बाबा. पण हत्यारं? गाडी चढवलीय ओंडक्यांवर. गिअरबॉक्स उतरवायला जॅक नाही, तर तो पोटावर झेलणार. पोट आहे खरं तेवढं. क्लचची प्लेट मधोमध बसवायला दांडा लागतो, तर माझं लांब लाटणं तासून त्याला ग्रीस फासलं. माझ्या सासूचं लाटणं! सासू वाईट होती, लाटणं चांगलं होतं. शी!

शेजारच्या गेंचोकडे लोखंडी स्टँड, जॅक, सगळं आहे. पण शरदात गावच्या दारूच्या भट्टीवर आधी पाळी कुणाची, यावरून दोघांची तोंडं फुगलेली. त्याच्याकडे मागायला गेलो तर मिशी भादरून देईन, म्हणतो आमचा मेतोदी.

जेवत जा, आणि म्हातारीवरची माया पातळ करू नकोस.

तुझी आजी स्तोयना

प्लोवदिव, २४ फेब्रुवारी

ती. आजीस, शि. सा. न.

लाटण्याचं हसू आलं, ओंडक्यांचं नाही. आमच्या बस आगारातल्या मिस्त्रींना विचारलं. लाटणं चालेल म्हणाले, पण लाकडावर चढवलेल्या गाडीखाली माणूस जाता कामा नये. घट्ट बोल्टला झटका दिला की गाडी हलते. त्यांच्यातल्या एकाची छाती अशीच चेपली. बाबा माझं ऐकायचे नाहीत. तूच काहीतरी कर गं. रविवारी क्षमेचा सण आहे, मोठ्या उपासाआधी सगळेच एकमेकांची माफी मागतात, त्या निमित्ताने दोघं बोलतील का?

तुझ्या शिव्यांचीही भुकेली,
कालिना

ब्रेस्तोवो, २ मार्च

चि. कालिनास, अ. उ. आ.

तुझा बाप कसली माफी मागतोय! सणाच्या सकाळीच गाडीखाली शिरला. गेंचो मात्र आला. गल्लीत सगळ्यांत थोरली मी, म्हणून माझ्या हाताचा मुका घेऊन म्हणाला, माफ कर आजी. यावर माफ केलं म्हणायचंच असतं, नकार कुणी देत नाही. मी म्हटलं, नाही करत. आधी स्टँड आण. त्याचं तोंड उकडलेल्या बटाट्यासारखं झालं. माफी न घेता उपासाला बसायचं कसं? मुकाट्याने सगळं घेऊन आला.

मेतोदीला मी बूट धरून बाहेर ओढला. शेजाऱ्याचं लोखंड माझ्या गाडीला लावू देणार नाही म्हणून बोंबलत होता. गेंचोने ऐकलंच नाही. गाडी उचलून स्टँड लावले आणि ओंडक्याला लाथ घातली. ओंडक्याचे दोन तुकडे! आत नुसता भुसा आणि वळवळणारे किडे. त्याच्याजवळच तुझ्या बापाची टोपी पडली होती.

मग तुझा बाप गेंचोच्या गळ्यात पडून रडला, नाक त्याच्याच कोटाला पुसत. एवढा थोराड माणूस! गेंचोही रडला. किळस आली मला दोघांची.

गेंचोला मी तिथेच माफ केलं. तुझ्या बापाला अजून नाही. जिवंत आहे, थांबेल.

पाय गरम ठेव, लोभ धर.

आजी