पाहुण्यांपुरतं बोलणं

३ मार्च

आईला जाऊन आठ दिवस झाले. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागलीय. आणि बाबा? येईल त्याला सांगतात — "हिच्या हातच्या चहाची सर कशालाच नाही." माझ्या अंगाचा तिळपापड होतो. घरात कोणी नसलं की हाच माणूस तिच्याशी चकार शब्द बोलत नसे!

"तुझ्या बाबांना सांग, पान वाढलंय." — "आईला सांग, ऐकलं." दोघांमध्ये अंतर दोन फुटांचं, आणि मधे मी टपालवाली. मूळ भांडण कशावरून झालं, ते मला कधीच कळलं नाही.

५ मार्च

स्वयंपाकघराच्या कपाटात पाहुण्यांचे कप सापडले. निळ्या काठाचे, सहाच्या सहा शाबूत. ते खाली उतरले की आमच्या घराचं रूपच पालटायचं. "अहो, साखर बेताचीच घातलीय हं." — "अगं, तूही बस ना जरा." आई चक्क लाजायची! मी दाराआड उभी राहून कान टवकारून ऐकायचे. पाहुणे गेले की कप धुवून वर, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना.

नाटकच ते. पण किती गोड वाटायचं! अजूनही वाटतं, काय करू?

६ मार्च

खरं सांगायचं तर त्या नाटकात माझाही हात होता. सात वर्षांची असेन. खालच्या मजल्यावरच्या नर्सकाकूंना जाऊन बेधडक थाप मारली — "आईनं रविवारी चहाला बोलावलंय." त्यांना दारात बघून आई चाट पडेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, "या, या!" मग काय, दर शनिवारी माझं आमंत्रण ठरलेलं. पुढे काकू दुसऱ्या गावी मुलीकडे राहायला गेल्या, तोवर.

७ मार्च

आज बाबांना विचारलंच. "तेव्हा मनापासून बोलायचात, की लोकांना दाखवायला?" ते वर्तमानपत्राची घडी घालत राहिले.

उद्या निघते. पुन्हा इथे येईन असं वाटत नाही.

८ मार्च

सकाळीच नर्सकाकू आल्या, आईची बातमी कळली म्हणून. बाबा आंघोळीला गेले होते. मी माझी थाप कबूल केली. त्या आधी हसल्या, मग डोळ्यांना पदर लावला.

"तू एकटीच नव्हतीस गं. तू जाऊन तासभर होत नाही तोच तुझी आई यायची — 'उद्या या हं, तुमच्यासमोर तेवढंच आमचं एकमेकांशी बोलणं होतं.' संध्याकाळी तुझे बाबा जिन्यात गाठायचे. तेही हेच सांगायचे, शब्दन् शब्द. आणि दोघंही वर बजावायचे — घरात कळू देऊ नका."