मऊ पेपर

४ मार्च

चि. भाऊजी,
अ. उ. आशीर्वाद.

माझी ठमी तुमच्या घरी राहून तुम्ही शिकवता त्याच क्लासला जाते, म्हणून मी निर्धास्त आहे. जाऊबाईंना सांगा, पुतणीला नुसतं खाऊ घालू नका, भांडीही घासायला लावा. नाहीतर परत आल्यावर माझी पंचाईत!

एक विचारायचं होतं. सराव परीक्षेत तिला दोनशेपैकी एकशेऐंशीच्या खाली पडतच नाहीत म्हणे. आनंद आहे, पण मन कच खातं. तुमचे दादा गेल्यापासून चांगली बातमी मला दोनदा ऐकावी लागते. खऱ्या प्रवेश परीक्षेतही असेच पडतील ना? इथल्या कॉलेजचा अर्ज वेगळा असतो आणि त्याची मुदत या आठवड्यात संपतेय. भरून ठेवू का?

जाऊबाईंना आठवण सांगा.
वहिनी

७ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

अर्ज बिलकूल भरू नका. दादा तुम्हाला शंकासूर म्हणायचे ते उगाच नाही! सराव परीक्षा आणि खरी परीक्षा सख्ख्या बहिणी. इतकी वर्षं शिकवतोय, माझ्यावर सोडा. क्लासच्या मालकांनी दारावरच्या फलकासाठी ठमीचा फोटोसुद्धा नेला. आता तिथला अर्ज भरलात तर पोरीला वाटेल, आईचाच भरवसा नाही. झोपेतही सूत्रं पुटपुटते. तिची काकू हसून बेजार.

धाकट्यावरची माया अशीच राहू द्या.
आपला,
दीर

२१ जून

चि. भाऊजी,
आशीर्वाद लिहिताना आज हात अडखळला. तरी आशीर्वाद.

ठमीला घेऊन पोचले. एकशेबारा गुणांवर तिकडचं कॉलेज मिळत नाही आणि इकडची मुदत मार्चमध्येच गेली. पोरीचं वर्ष गेलं.

कमी पडले याचा राग नाही. पण काल क्लासमध्ये मी विचारलं, तेव्हा मालक हसत म्हणाले, की शेवटचे सराव पेपर मऊच काढायचे असतात. सोडवून घेतलेलीच गणितं आकडे बदलून द्यायची. मुलं खूश, पालक खूश. तुम्ही शेजारी उभे राहून मान डोलावत होता. मला किळस आली, भाऊजी. मालकांची नव्हे, त्यांचा तो धंदाच. तुमची. मी अर्जाचं विचारलं तेव्हा हे तुम्हाला ठाऊक होतं.

तुमच्या दादांनी जन्मभर तराजू दुरुस्त केले. म्हणायचे, गिऱ्हाईक खूश करायचं तर गोड बोलावं, काट्याला हात लावू नये. त्याच दुकानात लहानाचे मोठे झालात ना?

आज ठमीने शेजारच्या मास्तरीणबाईंकडून एक जुना, खरा पेपर आणला आणि घड्याळ लावून सोडवला. एकशेसोळा. ती रडेल म्हणून मी पाणी घेऊन उभी. तर म्हणाली, की आई, हे तरी माझे आहेत, आता इथून चढता येईल.

पुढचं वर्ष फुकट शिकवतो म्हणालात. नको. ती इथेच अभ्यास करेल आणि दोन्ही अर्ज भरेल.

निघताना फलक पाहिला. ठमीचा फोटो अजून आहे. खाली एकशेऐंशी, ‘सराव’ हा शब्द गाळून. तो फोटो स्वतःच्या हाताने उतरवा, मालकांना न विचारता. तो घेऊन या, मग दार उघडीन.

लोभ उरलाय म्हणूनच एवढं लिहिलं.
वहिनी